फुंकण्याआधीचा श्वास

तुम्ही माझ्या फुप्फुसावर कबुतर बसवलंत, साहेब. शुद्धीत बसवलंत, चहा पिऊन झाल्यावर, ओठ रुमालानं टिपून. मी त्या लांब टेबलाच्या अलीकडे बसलो होतो, नाकात नळी, पायाशी चाकांवरचं सिलिंडर, शेजारी माझी बायको. पलीकडे मधल्या खुर्चीत तुम्ही, वैद्यकीय मंडळाचे अध्यक्ष. दुसऱ्यांच्या तोंडात बसणाऱ्या कवळ्यांचे धातूचे सांगाडे घासण्यात माझं आयुष्य गेलं, त्या घासण्याची धूळ छातीत गेली, आणि आता तिथे व्रणावर व्रण चढून फुप्फुसाचं चामडं होत चाललंय, एवढंच सांगायला मी आलो होतो. तुम्ही ऐकून घेतलंत. मग विचारलंत, घरात पक्षी पाळता का? नाही म्हटलं. गॅलरीत कबुतरं येतात का? त्यांच्या विष्ठेनंही फुप्फुसं बिघडतात म्हणे. आता कबुतरं कुणाच्या गॅलरीत येत नाहीत? म्हटलं, ‘येतात साहेब, आम्ही बोलावत नाही.’ तुम्ही हसलात. तुमच्या दोन्ही बाजूंचे हसले. मीसुद्धा हसलो, आणि हसलं की मला खोकल्याची उबळ येते, म्हणून जरा वेळ सगळे माझा खोकला संपण्याची वाट बघत राहिले. त्या वाट बघण्यात तुमचं पेन चाललं. पक्ष्यांशी संपर्क. रोगाचं कारण अज्ञात. व्यवसायाशी संबंध सिद्ध होत नाही. एका विनोदावर तुम्ही माझा निकाल लावलात, आणि तो विनोदही माझाच होता.

माझं जे व्हायचं ते झालंय, ते तुमच्या पेनानं उलटं फिरणार नव्हतं. मी रडतोय ते वेगळ्यासाठी. ज्या खुर्चीवर बसून मला हे झालं त्या खुर्चीवर आता ही बसते. माझीच खुर्ची, माझाच दिवा, माझंच घासायचं यंत्र. तुम्ही नुसता ‘धूळ’ हा शब्द लिहिला असता तर ते टेबल बंद झालं असतं. धूळ ओढून घेणारं यंत्र नीट केल्याशिवाय मालकाला तिथे माणूस बसवता आला नसता. तुम्ही कबुतर लिहिलंत. म्हणून ती आज सकाळी डबा भरून पुन्हा तिथेच गेली.

जाताना दारात थांबली. चप्पल घालता घालता म्हणाली, ‘गॅसजवळ जाऊ नका. नळी वितळेल.’ म्हटलं, ‘वितळली तर सुटेन.’ ती म्हणाली, ‘सुटाल हो, पण काळी झालेली भिंत कोण रंगवणार?’ आणि गेली. असं बोलून जाते ती. जिन्यावर तिची पावलं ऐकू येत राहिली, मग एका वळणावर खोकली. एकदाच. कोरडं, लहानसं, घशात केस अडकावा तसं. मी कॉटवर बसून तिच्या दुसऱ्या खोकल्याची वाट बघत राहिलो. तो आला नाही. न आल्यानं बरं वाटायला हवं होतं. पण वाट बघणं तसंच चालू राहिलं, आणि दिवसभर चालू आहे. आता रस्त्यावर कुणीही खोकलं तरी मी मान वर करतो. खालचा इस्त्रीवाला खोकतो, तो बिडीचा खोकला, ओला, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शेजारची म्हातारी खोकते ती सुनेला बोलावण्यासाठी. मी खोकल्यांचा जाणकार झालोय. घरात बसलेल्या माणसाला काहीतरी धंदा लागतोच.

घर म्हणजे नळी पोचते तेवढं. हवेतला प्राणवायू वेगळा काढणारं यंत्र कोपऱ्यात घरघरतं, त्यातून ही नळी निघते, कॉटला वळसा घालते आणि माझ्या नाकात येते. मोरीपर्यंत पोचते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचते. गॅलरीत पोचत नाही. म्हणजे ज्या कबुतरांशी माझा संपर्क तुम्ही सिद्ध केलात त्यांना मी दारातूनच बघतो. ती मला बघत नाहीत. खाली जायचं तर जिना आहे, आणि जिना म्हणजे माझ्यासाठी आता परदेश. दाढी करताना मध्ये बसावं लागतं. शर्टाची बटणं लावताना तिसऱ्या बटणाला थांबावं लागतं. दम लागतो म्हणतात, तसं नाही हे. दम लागला की बसलं, टेकलं, की जातो. इथे हवा आत येते, दारापर्यंत येते म्हणा, आणि दार उघडत नाही. छाती उचलली जाते, बरगड्या उचलल्या जातात, पण आत कुणीतरी चारही बाजूंनी वादी आवळून बसलंय. घट्ट झालेला सदरा काढावासा वाटतो. उघडाच असतो मी. कातडीच्या आतला सदरा कसा काढणार?

हे आवळणारं कोण आहे ते मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तुमच्या मंडळातल्या नव्हेत, सरकारी दवाखान्यातल्या, छातीच्या. तरुण आहेत, केस वर कसेतरी खोचलेले, बोलताना समोरच्याकडे बघतात. मी विचारलं, ‘मला नेमकं झालंय काय, ते माझ्या भाषेत सांगा. बातमी वाईट असली तरी चालेल, पण कळली पाहिजे.’ त्यांनी विचारलं, हाताला कापलं तर काय होतं? म्हटलं, रक्त येतं. नंतर? बायको ओरडते. त्या हसल्या. ‘त्याच्या नंतर?’ खपली धरते. ‘आणि खपलीखाली?’ खपलीखाली काय असतं ते मी कधी विचारलं नव्हतं. लहानपणी गुडघे कायम फुटलेले. खपली काढायचा नाद होता मला, कड उचकटून बघायची, खाली गुलाबी, ओलसर, चकाकतं काहीतरी. आणि आई हातावर चापट मारून म्हणायची, ‘हात लावू नकोस, भरून येतंय ते.’ भरून येतंय. केवढा विश्वास होता त्या बोलण्यात. शरीर आपलं आहे, आपल्या बाजूचं आहे, आपण झोपलो की ते आपलं काम करतं, असा. मी त्या विश्वासावर पन्नाशी गाठली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या खपलीखाली काही पेशी असतात, फायब्रोब्लास्ट म्हणतात त्यांना. धागे विणणाऱ्या पेशी. एरवी निवांत असतात. कुठे जखम झाली की तिथून हाक जाते. हाक म्हणजे रसायन, ग्रोथ फॅक्टर, वाढीचा घटक म्हणा. ती हाक मिळाली की या पेशी एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात, जखमेकडे सरकतात, कोलॅजेनचे चिवट धागे विणायला लागतात आणि ते धागे ओढून जखमेच्या कडा जवळ आणतात. काम संपलं की हाक बंद होते. मग बऱ्याचशा पेशी आपणहून मरतात, बाकीच्या गप्प होतात. राहतो तो व्रण. ‘तुमच्यात,’ त्या म्हणाल्या, ‘हाक बंदच होत नाहीये. धुळीचा बारीक कण आत गेला की सफाईच्या पेशी त्याला गिळतात. पण हा कण पचत नाही. गिळणारी पेशी मरते, कण तसाच मोकळा होतो, दुसरी त्याला गिळते. प्रत्येक वेळी नवी इजा, प्रत्येक वेळी नवी हाक. विणणाऱ्यांना वाटतं, जखम अजून उघडी आहे. आणि त्या विणत राहतात.’

मी विचारलं, ‘थांबा म्हणणारं कुणी नाही?’

‘आहे ना. थांबवणारीही रसायनं असतात. पण हाकच एवढी मोठी झालीय की त्यांचं चालत नाही.’

घरी येताना रिक्षात मी हे हिला सांगितलं. ही म्हणाली, ‘म्हणजे कुणी वाईट नाहीच यात. सगळी बिचारी आपापलं काम करतायत.’ मला तेव्हा राग आला होता तिचा. पण रात्रंदिवस ते वाक्य डोक्यात घोळतं. मी माझं काम केलं. मालकानं त्याचं केलं. तुम्ही तुमचं केलंत. पेशी त्यांचं करतायत. सगळ्यांनी मन लावून काम केल्यानं माणूस मरतो, हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. शाळा तशी मी फार केलीही नाही. जे वाचलं ते नंतर, जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हातात धरून.

पुढच्या खेपेला मी त्यांना आणखी खोदलं. त्या सांगायला नाखूश होत्या, पण खोटं बोलणं त्यांना जमत नाही. म्हणाल्या, हा वाढीचा घटक तयार झाला की लगेच कामाला लागतो असं नाही. पुष्कळसा त्या धाग्यांमध्येच अडकवून, कुलूप लावून ठेवलेला असतो, साठ्यासारखा. पेशी धागे ओढून धरतात, त्या ओढीचा ताण बसला की कुलूप उघडतं आणि घटक मोकळा होतो. मोकळा झाला की आणखी पेशी, आणखी धागे, आणखी ताण. व्रण जितका कडक तितकी कुलपं जास्त उघडतात.

‘आणि श्वास घेतल्यावर?’ मी विचारलं. ‘श्वासानं ताण नाही बसत?’

त्यांनी उगीच स्टेथोस्कोपची नळी सरळ केली. ‘बसतो. कडक फुप्फुसात जास्त बसतो.’

‘म्हणजे श्वास घेतला की हे वाढतं.’

‘असं सरळ म्हणता येणार नाही.’

‘मग वाकडं म्हणा.’

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, ज्या त्या हाकेचा आवाज थोडा खाली आणतात. वाढ मंदावते, थांबत नाही, झालेलं जात नाही, आणि तोंडाची चव मात्र पूर्ण जाते. पण ज्या दिवशी हे कळलं त्या दिवसापासून मी श्वासाकडे चोरासारखा बघतो. आत घेताना वाटतं, उघडलं एक कुलूप. हळू घेतो. तर कमी पडतो, मग छाती घाबरून मोठा ओढते, आणि आत कुठेतरी कुलपांची रांगच्या रांग उघडत गेल्यासारखी वाटते. घेऊ नये म्हणावं तर ते हातात नाही. कोंडलेल्या माणसानं भिंतीला धक्का द्यावा आणि धक्क्याधक्क्याला भिंत आणखी जाड व्हावी, तसं काहीसं आहे हे. दुपारी सगळी इमारत झोपलेली असते, यंत्र घरघरत असतं, आणि मी कॉटच्या कडेवर बसून मोजून मापून जगत असतो. मेंदू म्हणतो घेऊ नकोस. छाती म्हणते दे. दोघंही माझेच.

तुम्ही विचारलं होतंत, मास्क वापरत नव्हता का? विचारताना तुमचा वरचा ओठ उचलला गेला आणि मला आत धातूचा आकडा दिसला. डावीकडे, सुळ्याला धरून बसलेला. माझी नजर तोंडातच जाते, त्याला इलाज नाही. लोक चेहरा बघतात, मी बसवणी बघतो. काढता-घालता येणारी अर्धी कवळी, कोबाल्टचा सांगाडा, आकडा छान निमुळता केलेला, हिरडीला टोचू नये म्हणून टोक गोल केलेलं. कुणीतरी चांगल्या हातानं घासलाय. आमच्या दातांच्या लॅबचा असेल असं मी म्हणत नाही, शहरात लॅब पुष्कळ आहेत. पण कुणीतरी घासलाय, साहेब. तुम्ही तो जिभेनं चाचपत माझ्याकडे बघत होतात. त्या आकड्याचं जे तुमच्या तोंडात नाही, घासून गेलं, ते कुठे गेलं, हा प्रश्न तुम्हाला का पडला नाही?

मास्कचं सांगतो. धातू ओतून साचा फोडला की सांगाडा खडबडीत निघतो, त्याला साच्याची पांढरी माती चिकटलेली असते. ती वाळूच्या फवाऱ्यानं उडवायची, मग हातातल्या फिरत्या दगडानं घासायचं. केसाएवढा फरक राहिला तरी पेशंटच्या तोंडात बसत नाही, बसला तर टोचतो. म्हणून दिव्याखाली नाकाजवळ धरून कड बघावी लागते. मास्क लावला की श्वासाची वाफ चष्म्यावर चढते आणि कडच दिसत नाही. मग मास्क हनुवटीवर. आणि घासताना कडेवर धूळ बसते, ती दर थोड्या वेळानं उडवावी लागते, नाहीतर तुम्ही काय घासताय ते तुम्हालाच कळत नाही. ती आम्ही फुंकतो. फू. लॅबमध्ये पाऊल टाकलंत तर यंत्रांच्या आवाजाखाली हा आवाज ऐकू येईल, प्रत्येक टेबलावरून, फू, फू, लहान मुलाला लागलेल्या जागेवर आई फुंकर मारते तितक्या मायेनं. आता तुम्ही बसल्या जागी एकदा फुंकून बघा. फुंकण्याआधी माणूस काय करतो? श्वास आत घेतो. आणि तो कुठून घेतो? जिथे तोंड आहे तिथून. धुळीच्या ढगात नाक घालून आम्ही आधी तो ढग पितो आणि मग उरलेला उडवतो. हे कुणी शिकवत नाही, कुणी रोखत नाही. हात कामात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं, एवढंच. ही माझ्या शेजारच्या टेबलावर सांगाड्यांचे मेणाचे नमुने करायची तेव्हापासून हे बघत आलीय. मेण स्वच्छ असतं, त्याला धूळ नाही, उलट मधासारखा वास. मी उठलो आणि मालकानं तिला माझ्या जागी बसवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं फुंकर मारली म्हणे. शेजारचा चष्मा मला फोनवर कौतुकानं म्हणाला, ‘वहिनी अगदी तुमच्यासारख्या फुंकतात हो.’

हा चष्मा म्हणजे आमच्यातला पोर्सेलीनवाला, चिनीमातीचे दात करणारा, भिंगासारख्या काचा लावतो म्हणून चष्मा. धूळ ओढणारं यंत्र बंद पडलं ते त्याच्यापायी. पडलं म्हणजे पाडलं. तुम्ही तपासणीला पाठवलेल्या माणसानं येऊन पाहिलं आणि ‘यंत्र कार्यरत’ असं तुम्हाला सांगितलं, म्हणून आता नीट ऐका. प्रत्येक टेबलाच्या कडेला एक तोंड होतं, तिथून पाइप जाऊन मागच्या पिशवीत सगळी धूळ जमायची. एकदा चष्म्याच्या चिमट्यातून समोरच्या दाताची कॅप निसटली आणि त्या तोंडानं गिळली. तिकडे दंतवैद्याच्या खुर्चीत एक पोरगी आ करून बसलेली, संध्याकाळी तिचा साखरपुडा, दात ताबडतोब हवा. मालक ओरडला, ‘पिशवी काढा!’ आम्ही जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, पिशवी उलटी केली. राखेसारखी, मऊ, करडी धूळ, ढीगच्या ढीग. आणि मालकानं चहाची गाळणी आणली. आम्ही सगळे त्या ढिगाभोवती उकिडवे बसून धूळ गाळत होतो. कुणीतरी म्हणालं, ‘हळू रे, दात चावेल.’ दुसरा म्हणाला, ‘नवऱ्या मुलाला सांगा, मुलगी धुतल्या तांदळासारखी आहे, दात तेवढा कचऱ्यातला.’ हसून हसून आमच्या नाकातोंडात ती धूळ जात होती. मीच शोधला तो दात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकानं तो तळहातावर घेऊन फुंकला, जोरात, आणि खिशात घालून पळत सुटला. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळे पाइप मागून उपटले आणि भोकांत चिंध्या कोंबल्या. ‘एवढ्या मोलाच्या वस्तू गिळतं,’ म्हणाला. यंत्र भिंतीवर तसंच राहिलं. बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो, घुंई आवाज होतो, आणि समोर टिशू पेपर धरला तर तो हलत नाही. तुमचा माणूस दारात रुमाल नाकाला लावून उभा राहिला. हिरवा दिवा बघितला. आवाज ऐकला. आत येऊन त्या तोंडासमोर हात धरायचं त्याला सुचलं नाही. नाकाला रुमाल मात्र सुचला.

हे मी मंडळापुढे सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘मालकांचं म्हणणं वेगळं आहे.’ आणि म्हणालात, ‘धुळीच्या आजारात स्कॅनवर गाठी दिसतात, तुमचा व्रण खालून, कडांनी चढतोय, तो नमुना वेगळा.’ हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नमुने एकमेकांत मिसळतात, धातूच्या धुळीनं असंही होऊ शकतं. मग नक्की कसं कळेल? फुप्फुसाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्यात धुळीचे कण दिसू शकतील. ‘काढा,’ मी म्हटलं, ‘आत्ता काढा.’ त्या म्हणाल्या, तुमच्या श्वासाला ते ऑपरेशन झेपणार नाही, त्या टेबलावरून तुम्हाला उठवायची खात्री कुणी देणार नाही. म्हणजे बघा कसं जमून आलंय. पुरावा आहे. माझ्याच आत आहे, चिवट धाग्यांनी चारही बाजूंनी शिवून ठेवलेला. मी जिवंत असेपर्यंत तो काढता येत नाही, आणि काढता येईल तेव्हा सांगायला मी नसेन. मी स्वतःच माझ्या साक्षीवर बसलोय. खुर्चीवर बसावं तसा.

त्याच दिवशी त्यांनी मला माझीच छाती ऐकवली. मी हट्ट धरला म्हणून. स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला आणि दुसरं टोक माझ्याच पाठीवर, खाली, बरगड्या संपतात तिथे धरलं. श्वास घ्या म्हणाल्या. आणि श्वासाच्या शेवटाला, अगदी टोकाला, आवाज आला: बुटाची चिकटपट्टी हळूहळू उचकटावी तसा. बारीक, कोरडा, तडतडता. मिटून चिकटलेल्या जागा हवेनं उचकटतात तो आवाज. ‘आजाराच्या सुरुवातीला खोकला, दम काही नसलं तरी हा ऐकू येऊ शकतो,’ त्या म्हणाल्या. ते वाक्य त्या सहज बोलून गेल्या. मी ते घरी घेऊन आलो.

ती संध्याकाळी आली. पिशवी टेकवली, तोंडावर पाणी मारलं, तरी कानामागे करडी रेघ राहिली होती. निकालाचा कागद काल आला, तेव्हा तिलाही तो माझ्याबरोबरच कळला होता, पण त्यावर आम्ही बोललो नव्हतो. म्हटलं, ‘मालकाशी बोललीस?’

‘बोलले.’

‘मग?’

‘मेणावर परत घेता येणार नाही म्हणाले. मेणाचं काम आता मशीन करतं, संगणकावरून. घासायला तेवढा माणूस लागतो.’ मग म्हणाली, ‘मंडळानं काही म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती, म्हणाले. आता माझे हात बांधलेत.’

‘त्याचे हात बांधलेत!’

‘ओरडू नका. दम लागेल.’

‘दुसरी लॅब बघ.’

‘बघितल्या नाहीत का? दुसरीकडे काय मंत्र म्हणून दात बनवतात? सगळीकडे तेच फू फू.’ ती भाजी चिरायला बसली. ‘आणि मास्क लावते मी.’

‘चष्म्यावर वाफ आली की?’

‘तेव्हा काढते.’

‘आणि वाफ कधी येते?’

तिनं आणखी दोन काप केले. मग हसली. ‘लावते तेव्हा.’ आणि हसता हसता खोकली. एकदा. मग आणखी एकदा. हातातली सुरी थांबवून, मनगट तोंडावर धरून. ‘सर्दी झालीय,’ म्हणाली, माझ्याकडे न बघता. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हा मला कळलं की सकाळपासून ती पण मोजतेय.

‘इकडे ये,’ म्हटलं. ‘पाठ कर.’

‘आता हे काय नवीन? डॉक्टर व्हायचंय?’

‘पाठ कर म्हणतो ना.’

आली. कॉटच्या कडेवर पाठमोरी बसली, पदर पुढे ओढून. मी तिच्या पाठीवर, खाली, बरगड्या संपतात तिथे कान टेकवला. यंत्राची घरघर फक्त ऐकू आली. हात लांब करून मी ते बंद केलं. ती दचकली, ‘अहो, काय करताय?’ म्हटलं, ‘बोलू नकोस. मोठा श्वास घे.’ तिनं घेतला. तडतड ऐकू आली, बारीक, स्पष्ट, आणि मी गार पडलो. आणि मग लक्षात आलं की ती माझी आहे. माझ्याच छातीतून वर येऊन माझ्याच कानात वाजतेय. तिचं ऐकायचं तर मला माझा श्वास थांबवायला हवा. थांबवला. ‘घे,’ म्हणून तिच्या पाठीवर बोटानं खूण केली. तिनं घ्यायला सुरुवात केली, सावकाश, शहाण्या मुलीसारखी. तिची पाठ माझ्या गालाखाली फुगत गेली. किती मऊ फुगत होती. किती सहज. मी विसरून गेलो होतो की श्वास असाही घेतात. माझ्या कानात रक्त धडधडायला लागलं, डोळ्यांपुढे कडा काळ्या होत आल्या, आणि तिचा श्वास अजून टोकाला पोचायचा होता. टोकालाच ऐकू येतं ते. शेवटच्या इंचात. मी धरून ठेवलं, दात आवळून धरून ठेवलं, आणि तो टोकाला आला त्याच क्षणी माझी छाती मला न विचारता फुटली, हवा ओढायला लागली, कॉट, खोली, तिची पाठ सगळं त्या खरखरीत बुडालं. तिच्यात काही वाजलं की नाही मला कळलं नाही.

तिनं धडपडत यंत्र लावलं. नळी माझ्या नाकात नीट बसवली, पाठ चोळली. चेहऱ्याला रंग यायला वेळ लागला. ती समोर जमिनीवर बसून राहिली, दोन्ही हातांनी माझा गुडघा धरून. मग हलक्या आवाजात, उगीच विचारल्यासारखं, तिनं विचारलं, ‘काय ऐकू आलं?’

काही नाही म्हणालो तर ती उद्या सकाळी निघून जाईल. आलं म्हणालो तरी उद्या सकाळी ती निघूनच जाईल, फक्त भीती बरोबर घेऊन. तिनं पुन्हा विचारलं. अजून विचारतेय, समोर बसून, उत्तर मिळाल्याशिवाय न उठणाऱ्या माणसासारखी. मला ते माहीत नाही, साहेब. कारण माहीत नसण्याचा अधिकार तुम्ही घेतलात, पण इथे बसून तिच्या तोंडावर ‘अज्ञात’ म्हणायची ताकद माझ्यात नाही. तुमच्याकडे यंत्रं आहेत, स्कॅन आहेत, न संपणारा श्वास आहे. तुम्ही या. हा जिना चढून या, तिच्या पाठीला कान लावा, तुमचा श्वास थोडा वेळ थांबवा, आणि मग तिच्या डोळ्यांत बघून सांगा: काय ऐकू आलं?